एकतीस तारीख

अशोक चौकातल्या पतसंस्थेत
नरसम्मा येमूल पासबुक आपटते.
पोराचा पगार महिनाअखेरीला,
म्हणून हप्ता एकतीसला,
असं जानेवारीत ठरलेलं.

फेब्रुवारीत माझ्या प्रोग्रामनं
एकतीस शोधली, मिळेना,
अठ्ठावीसवर टेकला.
तिथवर ठीक.
पण मार्चात पुन्हा अठ्ठावीस, एप्रिलात अठ्ठावीस,
आणि पगाराआधीच दंड.

"एकदा वाकलं की वाकलेलंच राहतंय होय
तुझं यंत्र?"

कोंड्याल अण्णा, चाळीस वर्षं वह्या लिहिलेले,
चष्म्यावरून बघतात:
"तिथीचा क्षय झाला म्हणून
पुढची चतुर्थी कधी सरकली का रे?"

रात्री, शेजारच्या मागांची खडखड ऐकत
मी एक ओळ खोडली.
आता मागच्या हप्त्याला विचारायचं नाही.
दर वेळी जानेवारीपासून मोजायचं:
अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन.
महिना आखूड निघाला
तर त्याच्या काठावर थांबायचं,
पण मुळातली एकतीस
पदराच्या गाठीत ठेवून.

दंडाचे सत्तेचाळीस रुपये
नरसम्मानं दोनदा मोजले.
दारातून वळून म्हणाली,
"नातू एकोणतीस फेब्रुवारीचा आहे.
यंदा ओवाळू कधी?"

ती ओळ
मी अजून लिहिलेली नाही.