आज रात्री की नंतर?

नेवऱ्याच्या तिठ्यावर माझं दुकान, सहा फूट बाय आठ,
काचेखाली कव्हरं, वर चार्जरची लोंबती वेल,
आणि गेले पंधरा दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाचा एकच प्रश्न:
"नवें केन्ना येता रे?"

मिल्टनला कळलंय, कॅमेऱ्यात आता रात्रही दिवसासारखी दिसेल.
अंगणवाडीच्या शामलबाईंना कुणी सांगितलंय,
बॅटरी दीड दिवस टिकणार.
त्यांच्या फोनला अजून बॅटरी आहे हेच नवल.
बारवाला आग्नेल म्हणतो, माझं मॉडेल यादीत आहे का बघ.
शाळेच्या फळ्यावर निकाल शोधावा
तसा तो काउंटरवर ओणवा होतो.
मी बघतो. नाही.
"परत बघ."

एकटा कायतान वेगळंच मागायला आला.
पायांवर चिखल वाळलेला, राखाडी मोजे घातल्यासारखा.
म्हणाला, "म्हजें थांबय."

कायतान खाजनाची मानस राखतो.
लाकडी दारं. भरतीला आपसूक मिटतात,
सुकतीला नदी मागे सरली की उघडतात.
तरी फळ्या कधी काढायच्या, जाळं कधी लावायचं
हे माणसानेच ठरवायचं, तेही रात्री दोनला, तीनला.
खारं पाणी आत शिरलं तर कोरगूट थोडं सोसेल,
गाव तेवढंही सोसणार नाही.

त्याच्या फोनात एक ॲप आहे, 'भरती' नावाचं.
निळा चौकोन, आत पांढरी वाकडी रेघ.
फर्मागुडीच्या कॉलेजात असताना प्रज्योतने
प्रोजेक्ट म्हणून केलं, मार्क घेतले, कॅनडाला गेला.
सगळ्या जगात अकरा जणांनी ते उतरवून घेतलं.
दहांनी काढून टाकलं असावं.

"नवें आयलें काय हें मरतलें," कायतान म्हणाला.

मी आपोआपचं बटण बंद केलं.
तरी रोज रात्री फोन विचारायचाच,
आज रात्री, की नंतर?
आणि कायतान बांधावर, टॉर्च काखेत धरून,
चिखलाचा अंगठा शर्टाला पुसून
'नंतर' दाबायचा.
एकवीस रात्री त्याने ते पाणी बाहेर ठेवलं.

बाविसाव्या रात्री त्याचा डोळा लागला.
फोन चार्जरला होता.

सकाळी मी शटर वर करण्याआधीच तो पायरीवर.
तापलेलं पोर डॉक्टरपुढे धरावं तसा फोन पुढे केला.
मी निळा चौकोन दाबला.
एक ओळ आली: हे ॲप जुन्या आवृत्तीसाठी बनवलेले आहे.
खाली, 'ठीक आहे'.
ठीक आहे, म्हटलं मी.
आणि रेघ उघडली, होती तशीच वाकडी.
सुकती, पहाटे चार एकोणीस.

कायतानने पिशवीतून दोन शेवटे काढले,
कव्हरांच्या शेजारी काचेवर ठेवले, ओलेच,
आणि शीळ घालत गेला. फोन विसरून.

मी उगाच पुढे सरकवत राहिलो, बोटाला सवय असते.
ऑक्टोबर. नोव्हेंबर. नाताळच्या आठवड्यातली भली थोरली भरती.
एकतीस डिसेंबर.
मग रिकामी चौकट.
त्यापुढेही रिकामी.
पोराने आकडे तिथपर्यंतच भरले होते.
आम्ही दार धरून बसलो होतो नदीच्या बाजूचं,
आणि गळती होती शेताच्या बाजूला.

धावत जाऊन फोन दिला. बाकी काही बोललो नाही.
तीन महिने आहेत, म्हटलं स्वतःला.
प्रज्योतच्या आईकडून नंबर घेतला, लिहिलं,
पुढच्या वर्षाची भरती हवी आहे. एका माणसासाठी.
एक करडी खूण उमटली.
दुसरी नाही.

दुपारी आग्नेल आला, कपाळाचा घाम पुसत.
"आयलें?"
मी स्क्रीनवरून मान वर केली नाही.
"अजून ना."