टेन्शन

आमच्या घरात हा शब्द डॉक्टरांच्या आधी आला.
दीड किलोचा, बिडाचा,
मधे भोक, कडेला गंज.
नायना तो बीमच्या दोरीला अडकवायचे,
ताण्यावरून उलटा हात फिरवायचे,
क्षणभर थांबायचे, ऐकू येतंय काही तसे,
आणि म्हणायचे, "टेन्शन बरोबरे. चालू कर बे."

मग धोटा पळायचा.
चोवीस माग, एक जॉबर.
सैल पडलं की चादर पोटात फुगते,
मोराची मान मोडल्यासारखी दिसते.
जास्त झालं की टोक तुटतं, मग शेजारचं,
मग कांडीवाली नरसूबाईसुद्धा
कुणाला तरी तेलुगूत शिव्या घालते.

बॉबिन, बीम, जॉबर, टेन्शन
हे सगळे शब्द मला साखर पेठेतले वाटायचे.
आमच्याच बोळातले, आमच्याच लग्नात जेवणारे.

सातवीत कलबुर्गे मॅडमनी फळ्यावर लिहिलं:
टेन्शन म्हणजे ताण, चिंता. वाक्यात उपयोग करा.
मी लिहिलं: माझे वडील रोज टेन्शन लावतात.
वर्ग हसला.
लाल शाईत उत्तर आलं: लावतात नव्हे, घेतात.

रात्री नायनांना दाखवलं.
त्यांनी वही दिव्याजवळ धरली. त्यांना वाचता येत नव्हतं,
पण लाल रंग कळत होता.
"माणूस कशाला घेईल?" ते म्हणाले.
"घ्यायचं ते ताण्यानं.
आपण किती द्यायचं तेवढं बघायचं."

नंतर शब्द फार हिंडला.
पत्र्यावरून जाणाऱ्या तारेत शिरला,
खांबावर कवटी घेऊन बसला.
रिक्षाच्या मागं नो लावून फिरला.
भिवंडीहून श्रीहरी फोन करायचा,
पैसे मागायच्या आधी म्हणायचा, टेन्शन नको घेऊ.
म्हटलं की अम्मा घ्यायचीच.

माग विकले त्या दिवशी भंगारवाला काटा घेऊन आला.
किलोवर गेले चोवीसच्या चोवीस.
नायनांनी आधी वजनं काढली, एकेक, हातानं.
अकरा नंबरवर अर्धी चादर होती.
दोरी सुटली आणि ताणा खाली बसला,
बातमी ऐकून माणूस बसतो तसा,
भिंत कुठंय ते न बघता.

सिव्हिलमधल्या पोरसवदा डॉक्टरनं दंडाला पट्टा आवळला,
फुगा दाबत विचारलं, "आजोबा, टेन्शन घेता का?"
"घेत नाही," नायना म्हणाले. "लावायचो.
तुम्ही आता लावताय तसंच. पण हे जास्त झालंय, सोडा थोडं."
डॉक्टरनं सोडलं.
कागदावर अर्धी गोळी लिहिली.

तुटेपर्यंत ताणू नये, म्हणतात.
माग न चालवलेल्या कुणीतरी केली असणार ही म्हण.
ताणल्याशिवाय कापड होतंच कुठं?
आणि तुटतं तेव्हा आवाज येत नाही.
मागच्या बाजूला जाऊन
उभं राहावं लागतं कुणीतरी.

मी आता अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या ऑफिसात,
परदेशी लोकांना मेल लिहिते.
तिथल्या नव्या मागांवर टेन्शन पडद्यावर येतं, आकड्यात.
नायनांनी विचारलं, "मग हात कोण लावतं?"
मी म्हटलं, कुणी नाही.
ते बराच वेळ बोलले नाहीत.

एक वजन त्यांनी घरी आणलंय.
पाण्याच्या पिंपावर ठेवतात, झाकण उडू नये म्हणून.
पाचव्या दिवशी नळ येतो,
तेव्हा तेवढं उचलतात, पुसतात, परत ठेवतात.

काल कंटेनर अडकला. अडीच वाजता
मी अंधारात फोनच्या उजेडात बसलेली.
ते पाणी प्यायला उठले होते.
जाता जाता उलटा हात
माझ्या कपाळावरून फिरवला, क्षणभर थांबले.
"पाव किलो काढ," म्हणाले,
आणि पिंपावरचं झाकण नीट करून
झोपायला गेले.