पाणी घट्ट होतं तिथली बाई

नाव तिचं बोर्गहिल्ड. आमच्या जिभेवर ते बसेना,
आम्ही बुरीगीली म्हणायचो.
आली तेव्हा पेटीत औषधं होती,
पवित्र पुस्तक होतं, आईचा फोटो होता,
आणि बुटांच्या तळाला ठोकलेली दोन लोखंडी पाती.

पाती कशाला, कुणालाच कळेना.
रैनिवाओ म्हणाला, ऊस तोडायला.
मी एक दिवस न विचारता त्यांनी कसावा चिरला.
ती हसली.
हसली, म्हणून मी कामाला राहिले.

मी तिला आमची भाषा शिकवली, तिनं मला टाके घालायला.
'दुखतं' हा शब्द तिला पहिल्याच आठवड्यात लागला.
'पुरे' हा शब्द ती कधी शिकलीच नाही.
ज्यांच्याकडे त्यांच्या बायकाही बघत नसत
त्यांची झडलेली बोटं ती मांडीवर घेऊन धुवायची,
तांदूळ धुतात तशी,
पाणी निवळ होईपर्यंत.

देवदूत वगैरे नव्हती. चिडायची, भांडी आपटायची.
आम्ही पितरांना थडग्यातून बाहेर काढतो,
नवं रेशीम गुंडाळतो, खांद्यावर घेऊन नाचतो,
गावातल्या बातम्या सांगतो त्यांना.
त्या दिवशी ती दार लावून घ्यायची.
म्हणायची, मेलेल्यांना झोपू द्या.
मी म्हणायचे, तुझा देव तर तिसऱ्याच दिवशी उठला.

एकदा चुलीपाशी विचारलं, काय काय सोडून आलीस?
घर, म्हणाली, सात खिडक्यांचं.
लग्न ठरलेला एक माणूस. नाव नाही सांगितलं.
आणि घरामागचं तळं.
हिवाळ्यात त्याचं पाणी घट्ट व्हायचं,
मग पाती बांधून सगळं गाव त्यावरून फिरायचं,
पोरं, पाद्री, दूधवालासुद्धा.

मी बराच वेळ निखारे सारखे करत बसले.
मग म्हटलं, तुमच्याकडे दूधवालाही पाण्यावरून चालतो,
तर येशू चालला त्याचं एवढं काय?

ती हसत सुटली. हसता हसता डोळे भरले,
आणि मग ते थांबेचनात.

भाताच्या कापणीत तापानं गेली.
पाद्री बोलला सात खिडक्यांबद्दल, त्यागाबद्दल.
खिडक्यांचं काय, भिंत फोडली की खिडकी होते.
मला दुसरंच टोचत होतं,
हिची हाडं निजणार कुणाच्या कुशीला?
आमच्यात शेत नसलेला दरिद्री नव्हे,
थडगं नसलेला दरिद्री.
आई तिची तिकडे बर्फाखाली, ही इथे लाल मातीत.
भावानं दगडाचे पैसे पाठवले.
लिहिलं होतं, नाव नीट कोरा.

सात वर्षं झाली तेव्हा, थंडीच्या दिवसांत,
मी गेले, आणि तिनं बोटं धुतलेले चौघं.
पाद्र्याला विचारलं नाही.
डुक्कर विकून रेशीम आणलं होतं.
तिला उचललं. केवढी हलकी झाली होती बाई!
आईचा फोटो आत ठेवला, छातीशी, आणि घट्ट गुंडाळलं.
नाचलो नाही. तिला आवडलं नसतं.
थोडंसं नाचलो.
सांगितलं तिला, रैनिवाओची धाकटी आता मलमपट्टी करते,
विहिरीचा दोर बदलला,
आणि तुझा तो लंगडा बैल अजून मेला नाही.

पाती माझ्याकडेच आहेत. कसावा त्यांनीच चिरते.
गेल्या जुलैत, पहाटे, खाचराच्या कडेला
पाणी घट्ट झालेलं दिसलं,
कांद्याच्या पापुद्र्याएवढं.
बोट लावलं तर मोडलं.
कोंबडीसुद्धा चालली नसती त्यावरून.
तरी उभी राहिले मी तिथं,
ऊन येईपर्यंत.