होड्यांच्या हिशेबात

एल्मिनाच्या बंदरात होड्यांवर नावं रंगवणारा कोबिना बेसी
यंत्राच्या पांढऱ्या वाडग्यात हनुवटी टेकवून
ठिपका दिसला की बटण दाबतो.
दिसला. दिसला.
मग बराच वेळ काहीच नाही.
त्या काहीच नाहीचा रंग
त्याच्या कुठल्याच डब्यात नाही.

डॉक्टर अराबा सहा वर्षांचे सात कागद मांडते.
सात टिंबं, त्यांतून पट्टीने एक उतरती रेघ,
पुढे, अजून न आलेल्या वर्षांत, तुटक तुटक.
"थेंब रोज घातलेत तर अशी. चुकवलेत तर अशी."
दोन रेघांच्या मधल्या जागेत
दर महिन्याच्या बाटलीची किंमत.

तो विचारतो, यात माझ्या होड्या किती बसतात?
ती थांबते. वर्षाला नऊ धरल्या
तर शंभराला थोड्या कमी. बहुतेक.

"ते सहावं टिंब धरू नका," तो म्हणतो,
"त्या दिवशी भावाला पुरून आलो होतो.
ठिपके दिसत होते,
बटण दाबावंसं वाटत नव्हतं."
सहावं टिंब बोटाखाली झाकून
ती पुन्हा पट्टी ठेवते.
रेघ वर येते. किंचितच.

संध्याकाळी वाळूवर नवी होडी, निळा अजून ओला.
धाकटी मान्सा म्हणते, बाबा, शेवटचं अक्षर राहिलं.
तो आख्खी मान वळवतो
तेव्हा कुठे ती रिकामी जागा पुढ्यात येते.
हात सरळ चालतो, पट्टीशिवाय.

शंभराला थोड्या कमी.
ही धरून की ही सोडून,
ते विचारायचं राहिलंच.