बदकांची टोपी

रविवारी आई आधी खुर्चीवर चढते,
छतावरच्या धूर हुंगणाऱ्या पांढऱ्या डबीला
आंघोळीची प्लास्टिकची टोपी घालते
आणि मग कॉफीचे हिरवे दाणे तव्यावर टाकते.

ट्रोम्सोतलं हे आमचं तिसरं घर.
पहिल्या घरात ती डबी बोंबलली तेव्हा
बंबाची गाडी आली होती. दोन उंच माणसं,
आणि दारात आई, हातात तवा,
घाबरून त्यांनाच म्हणाली, बसा ना.
ते बसले नाहीत. बिल आलं.
ते मी वाचून दाखवलं. मी नऊ वर्षांची होते.

तेव्हापासून सगळं मीच वाचून दाखवते.
करखात्याची पत्रं, दातांच्या डॉक्टरची वेळ,
एकदा तिच्याच गर्भाशयाचा अहवाल.
त्यातला एक शब्द मला तिग्रिन्यात येत नव्हता.
म्हटलं, काही नाही, बरं आहे.
नशिबानं बरंच होतं.
शब्द मात्र अजून घशात आहे, माशाच्या काट्यासारखा.

माझं नाव सेमहार. शाळेत सेमा.
स्वप्नात मी नॉर्वेजियन बोलते,
पण ठेच लागली की आईच्या भाषेत ओरडते –
असं सांगायला छान वाटतं. खोटं आहे.
ठेच लागली की मी नॉर्वेजियनमध्येच शिवी देते.
आईनं तिच्या भाषेतल्या शिव्या मला दिल्याच नाहीत,
आणि शिवीवाचून भाषा म्हणजे बोळकं:
हसतं गोड, चावत नाही.

आज दुपारी बेल वाजली.
(दुपार घड्याळात. बाहेर महिनाभर काळोखच.)
खालच्या मजल्यावरची बोर्गहिल्ड, ऐंशीच्या पुढची,
सोसायटीच्या कमिटीवर आहे. हातात कागद.
तिनं वर पाहिलं. टोपी पाहिली.
टोपीवर पिवळी बदकं आहेत.
"वास येतो जिन्यात," ती म्हणाली, "दर रविवारी."
मी माफीची वाक्यं जुळवत होते
तोवर आईनं फिंजाल पुढे केलं होतं.

पहिला पेला कडक. कुणी बोललं नाही.
दुसरा जरा मऊ.
तिसऱ्याला बरका म्हणतात, आशीर्वाद,
तो घेतल्याशिवाय उठायचं नसतं,
हे मी समजावतेय तेवढ्यात
म्हातारीनं पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून चीजचा तुकडा,
आणि टाकला कॉफीत.

आईचा चेहरा!

"आमच्यात असंच पितात," बोर्गहिल्ड म्हणाली.
आमच्यात म्हणजे कुणाच्यात, ते हळूहळू आलं.
तिची आई सामी होती, फ्योर्डच्या आतल्या वस्तीतली.
शाळेत ती भाषा चालत नसे.
सात वर्षांची बोर्गहिल्ड एक दिवस घरी येऊन म्हणाली,
माझ्याशी तसं बोलू नकोस.
आई नाही बोलली. मरेपर्यंत.

किती शब्द उरलेत, मी विचारलं.
तिनं बोटांवर मोजले.
दुसऱ्या हातापर्यंत जावं लागलं नाही.

भाषांतर करायला मी तोंड उघडलं,
तर आईनं तळहातानं थांबवलं.
तिला कळलं होतं का, ठाऊक नाही.
तिनं बोर्गहिल्डच्या पेल्यातला भिजका तुकडा
चमच्यानं उचलला, तोंडात टाकला,
डोळे मिटले
आणि एक शब्द म्हणाली जो मी कधी ऐकला नव्हता.

म्हणजे काय?

आई लाजली. पदराआड हसली.
शिवी होती.

टेबलावर तो कागद तसाच, न वाचलेला,
त्यावर फिंजालाचा गोल डाग.
पुन्हा म्हण, मी म्हटलं.
हळू.