साल नऊ

दिंडोरीच्या वायनरीत मी लेबलं तपासते.
तिरकं बसलेलं, बुडबुडा धरलेलं बाजूला.
साल, मळा, द्राक्षाची जात.
करणाऱ्याचं नाव आमच्यात टाकत नाहीत.

त्याच्या रांजणांवर टाकलेलं होतं, म्हणे.
हंसराजनं वाचून दाखवलं, बोट ठेवून:
साल, मळा, आणि मुकादमाचं नाव.
चार, पाच, नऊ अशी सालं. त्यावरूनच पुढे मोजलं
पोरानं राज्य किती वर्षं केलं ते.

नवव्या वर्षी गादीवर. "माझ्याएवढा, आई."
डावा पाय वाकडा. यावर तो काही बोलला नाही.
सिव्हिलची सहा प्लास्टरं, पट्टीचे बूट,
तरी आत वळतोच.
त्या राजाकडे एकशे तीस काठ्या.
याची एक, तीही बाई दाराशी ठेवायला लावतात.

"मग राज्य कोण चालवायचं?"
"म्हातारे. शिक्का त्याचा."
म्हणजे आमच्या सरपंचबाईसारखं.
हसला. पान उलटलं.

नाव बदललं त्याचं. देव बदलला म्हणून.
सिंहासनावर कुठेसं जुनंच राहून गेलं.
मला ताटातले तांदूळ आठवले,
अंगठीनं रेघ ओढताना मागून कुणी म्हणालं,
आधीचं विसर आता.
विसरले नव्हते, कुणी विचारलं नव्हतं.

मग दोन मुली, जन्मायच्या आधीच गेलेल्या,
बोटभर पेट्यांत, बापाच्या शेजारी निजवलेल्या.
तो भरभर वाचत पुढे गेला.
मी तिथेच.
आमचीला गंगेवर नेलं होतं, सातव्या महिन्यातली,
सुपात, माझ्याच ओढणीत.
मला येऊ दिलं नाही. यांनी नंतर एवढंच सांगितलं,
पाणी कमी होतं.

आज मशीन अडकलं, एक लेबल कोरंच निघालं.
फाडायचं असतं. मी डब्यात घातलं.

रात्री त्यानं काठीवर चिकटवलं, पेनानं गिरवलं:
साल नऊ. मळा उमराळे.
मग थांबून, "तुझं आधीचं काय होतं?"
सांगितलं.
चांगुणातला णा त्याला जमेना,
दोनदा खोडला.
आता तिथे काळा डाग आहे
आणि काठी टेकली की
तो तळव्याखाली येतो.