वाळवीची मजुरी

तिपोको टाच आपटते जमिनीवर.
ठण्ण.
"झिपेले," म्हणते. म्हणजे पांढरी पडलेली,
पाणी दिलं तरी तोंड न उघडणारी.

यातेंगात फेब्रुवारी. हरमत्तान वाऱ्यात
दुपार पिठासारखी उडते आहे.
नमुने काढायचं माझं गिरमिट
चार बोटांवरच वाकलं,
आणि ती कोला-सुपारी चघळत नुसती बघत राहिली.

मग दाबा, आखूड दांड्याची कुदळ.
कंबरेत दुमडलेली बाई,
वीतभर खोल एक खड्डा. पुढे दुसरा.
मधलं अंतर मोजायला एक जुनी चप्पल,
कुइल्गाच्या बापाची. तो आबिदजानकडे, कोकोच्या मळ्यात.
दोन चपला सोडून तिसरीला कुदळ.

कुइल्गा मागून ओंजळ ओंजळ टाकत येतो:
लेंड्या, राख, कुजलेला बाजरीचा भुसा,
आणि साम्बोच्या गुरांचं शेण.
सुगीनंतर सात रात्री गुरं बसवली होती इथं,
दोन टोपल्या ज्वारीच्या बोलीवर.
एक वासरू कांद्यात शिरलं, त्यावरून भांडण झालं.
अजून बोलत नाहीत. शेण मात्र इथंच आहे.

"एवढ्याशानं काय होणार?" मी विचारलं.
"मी फक्त वाढते," ती म्हणाली,
"कामाला येणारे खालून येतात."

आठव्या दिवशी आले.
वाळवी.
माझ्या अंगावर सर्रकन काटा.
माझ्या भाषेत ही चौकटीला लागते,
कपाटातल्या पोथ्यांना, चांगल्या चाललेल्या संसाराला.
आम्ही तिला रॉकेल पाजतो.
इथं तिला शेणाचं आवतण,
आणि ती भुसा ओढत, बोगदे पाडत
त्या ठण्ण जमिनीला आतून
बारीक बारीक घसे करून देते.

संध्याकाळी तिपोकोनं कळशीतलं उरलंसुरलं पाणी
एका खड्ड्यात ओतलं. मी घड्याळ लावलं.
आकडा लिहायच्या आत पाणी नव्हतं.

रात्री कंदिलाशी अहवाल भरायला बसले.
रकाना: मजूर किती.
दोन, लिहिलं. खोडलं.
बाहेर कुइल्गा चपलेवरची माती झटकत होता,
आणि ती आतून ओरडली,
"झटकायचीच तर खड्ड्यात झटक!"